उपग्रह वर गेला म्हणजे कामाला लागला, असं नसतं

प्रश्न: नवा हवामान उपग्रह सोडल्यावर अंदाज लगेच का सुधारत नाहीत? तो सेवेत यायला किती वेळ लागतो?

टीव्हीवाले उलटी मोजणी दाखवतात, टाळ्या दाखवतात, पुढचं कुणी सांगत नाही. त्यामुळे असे प्रश्न पडतात आणि आमच्या घरात भांडणं होतात.

इन्सॅट-थ्रीडीएस हा आपला हवामान उपग्रह १७ फेब्रुवारी २०२४ ला श्रीहरिकोट्याहून उडाला. तासगाव भागात तेव्हा बेदाण्याचा हंगाम. आमची आणि दाजींची शेड शेजारी शेजारी. दरवर्षीप्रमाणे मी म्हटलं, बाजूंना प्लास्टिकचा कागद बांधून घेऊ, अर्धे पैसे माझे. दाजी सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "पाव्हणं, आता सरकारनं वर डोळा बसवलाय. आभाळ आलं तर आधी कळंल. कशाला खर्च?"

मी सांगत होतो, दाजी, तो अजून जागेवर पोचलेला नाही. रॉकेट त्याला लांबट कक्षेत सोडतं. तिथून स्वतःचं इंजिन पेटवत तो सुमारे ३६ हजार किलोमीटरवरच्या कक्षेत जातो. थ्रीडीएसनं चार वेळा इंजिन पेटवलं, आणि चाचणीच्या जागी पोचायला २८ फेब्रुवारी उजाडली. पहिली चित्रं आली ७ मार्चला. पण चित्र आलं म्हणजे भरवशाचं झालं असं नाही. सौद्यात नवा वजनकाटा आणला तर माहितीतली वजनं ठेवून बघितल्याशिवाय त्यावर कुणी बेदाणा घालेल का? उपग्रहाचंही तेच. ढगाच्या माथ्याचं तापमान मोजणारे डिटेक्टर, म्हणजे उष्णता टिपणारे भाग, उणे दीडशे अंशांच्याही खाली थंड ठेवावे लागतात. त्याआधी यंत्रात अडकलेली वाफ उडून जाऊ द्यावी लागते, नाहीतर तीच थंड भागांवर बर्फ होऊन बसते. मग ठरावीक तापमानाचा काळा पृष्ठभाग आणि रिकामं थंड अवकाश आळीपाळीनं बघून आकडे जुळवायचे. तीन अंशांची चूक झाली तर ढगाची उंची चार-पाचशे मीटरनं चुकते. चित्रातली किनारपट्टी नकाशाशी जुळवावी लागते ती वेगळीच. नजर अंशाच्या शंभराव्या भागानं हलली तरी जमिनीवर चित्र सहा किलोमीटर सरकतं, म्हणजे शेजारच्या गावचा ढग आपल्या शेडवर. शेवटी तोच ढग जुना उपग्रह कसा दाखवतो आणि नवा कसा, ते ताडून बघायचं.

यातलं अर्धं बोलेपर्यंत दाजी उठून चहाला गेले.

त्याच हंगामात एका संध्याकाळी पूर्वेकडून वळीव आला, वाऱ्यानं पाणी आडवं आत घुसलं. आमचा कागद बांधलेला होता. दाजींचे खालचे रॅक भिजले, हिरवा माल काळा पडला. आणि दोष कुणाला? उपग्रहाला! आजही लग्नकार्यात ते "त्या उपग्रहानं फसवलं" म्हणून सांगतात. अहो, २०१६ चा जुना उपग्रह इन्सॅट-थ्रीडीआर तेव्हा कामावर होताच. त्याची चित्रं मोबाईलवर फुकट दिसतात. दुपारपासून ढग वाढताना मी त्यातच बघत होतो आणि हाक मारून सांगितलंही होतं. असलेलं बघायचं नाही आणि नव्याच्या नावानं बोटं मोडायची, ही खोड आहे.

तेव्हा तुम्हाला सल्ला एवढाच, नवा उपग्रह सेवेत कधी येतो हे मोजत बसू नका. पहिल्या चित्रानंतर तपासणी चालूच असते, आणि ती घाईत उरकली तर चुकीचे आकडे थेट अंदाजाच्या गणितात शिरतात. हो, एक राहिलं, उपग्रह ढगाचा माथा बघतो. गारा पडणार की नुसते थेंब, हे तेवढ्यावरून खात्रीनं कळत नाही, तिथं रडार लागतं. आणि मी काही शास्त्रज्ञ नाही, द्राक्षबागायतदार आहे, बीएस्सी फिजिक्सपुरतं शिकलेला.

भाचा हे दाजींना वाचून दाखवणार, म्हणून लिहून ठेवतो: कागदाचे अर्धे पैसे यंदाही माझे.