मिरवणुकीच्या शूटिंगला अंगावर घालायचा कोणता रिग (कॅमेरा पेलणारा सांगाडा) घ्यावा?

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर शूट करायची, कॅमेरा लेन्ससकट अडीच किलो आणि हात भरून येतात, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी ठरवा, त्रास वजनाचा आहे की हलणाऱ्या चित्राचा? दोन्हींवरचे उपाय वेगळे.

नुसता गिंबल, म्हणजे मोटरने कॅमेरा सरळ धरणारी मूठ, चित्र स्थिर ठेवतो, पण त्याचंही वजन मनगटावरच येतं. तासाभरात हात खाली येतो. इझीरिगसारख्या रिगमध्ये पाठीवरच्या दांड्यातून दोरी डोक्यावरून पुढे येते, कॅमेरा तिला टांगलेला असतो आणि भार कंबरपट्ट्यावर उतरतो. चालताना कॅमेऱ्याचं हलणं मात्र त्याने पुरतं जात नाही. म्हणून त्याच दोरीला गिंबल टांगायचा. तुमच्यासाठी मी हेच सुचवेन. फक्त तो डोक्यावरचा दांडा गणपत गल्लीतल्या गर्दीत झेंड्याच्या काठ्यांना, माळांना अडकतो, तेव्हा वर बघणारा एक माणूस सोबत हवाच.

स्प्रिंगच्या हाताचं जाकीट, म्हणजे कॅमेरामन गॅरेट ब्राऊन यांनी १९७० च्या दशकात आणलेला स्टेडिकॅमचा प्रकार, चालताना अप्रतिम चित्र देतं. पण त्याला सराव लागतो आणि ढोल-ताशाच्या रेट्यात कोणाचा धक्का लागला की तोल जातो. खांद्यावरचा रिग स्वस्त. मागे वजन लावून समतोल साधलात तर भाषणं, मुलाखतींना पुरे.

घेण्याआधी एक रात्र भाड्याने वापरून बघा. कंबरपट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे. पोटावर सरकला तर सगळा भार पुन्हा खांद्यावर येतो.