वांग, आणि मेडिकलमधून आणलेली ट्यूब

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 36. धाकट्याच्या वेळी दिवस गेले तेव्हा दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले, ते गेलेच नाहीत. जाऊबाईंनी सांगितलं म्हणून मेडिकलमधून एक क्रीम आणलं. तीन आठवड्यांत चेहरा उजळला. वर्षभर लावलं. आता दोन दिवस लावलं नाही की तोंड लाल होतं, आग होते. गालांवर लव वाढलीय आणि वांग पहिल्यापेक्षा काळे दिसतात. आशा सेविका आहे, उन्हात फिरणं टळत नाही. काय करू?
– एक वाचक, सांगोला तालुका

उत्तर : ताई, क्रीमचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुम्ही सांगितलेली लक्षणं माझ्या ओपीडीत रोज दिसतात. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावं बहुधा सापडतील. यातलं तिसरं स्टेरॉइड आहे.

मिश्रणाची कल्पना वाईट नव्हती. क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी डॉक्टरांनी 1975 मध्ये असं तिहेरी सूत्र मांडलं. पुढे अमेरिकेत मान्यता मिळालेल्या क्रीममध्ये सौम्य स्टेरॉइड आहे आणि तेही साधारण 8 आठवड्यांपुरतंच वापरायचं असतं. आपल्याकडे मात्र त्याहून जोरकस मोमेटासोन घातलेल्या ट्यूबा गोरं होण्याचं क्रीम म्हणून महिनोन् महिने लावल्या जातात. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पण त्वचा पातळ होत जाते, बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि क्रीम थांबवलं की आग उठते. ती शमवायला बाई पुन्हा तेच क्रीम लावते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीच्या औषधांत घातली, तरी काउंटरवरून ती सहज हातात पडतात. याचा मला मनापासून राग येतो, कारण त्याची किंमत तुमच्यासारख्या बायका मोजतात.

आता एवढं करा. ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये त्वचारोग विभाग आहे. क्रीम एकदम बंद करायचं की हळूहळू, हे ते चेहरा बघून ठरवतील. बंद केल्यावर काही आठवडे, कधी काही महिनेही, लाली आणि आग राहते. तो काळ कठीण जातो, पण तेवढ्यासाठी परत ट्यूबकडे वळू नका. या दिवसांत सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बस. लिंबू, बेकिंग सोडा, ब्लीच, पार्लरचं फेशियल यातलं काहीही नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजून नवे डाग पडतात.

सनस्क्रीनबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण वांगाचा अर्धा उपचार तोच आहे. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर अतिनील किरणांइतकाच डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो. साध्या सनस्क्रीनने तो पुरेसा अडत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं, एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन घ्या. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. बाहेर असाल तेव्हा दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. घरोघरी फिरताना ते जमेलच असं नाही, म्हणून छत्री आणि तोंडावरून घट्ट विणीचा स्कार्फ हवाच. सनस्क्रीन परवडत नसेल त्या महिन्यात छत्री-स्कार्फ तरी सोडू नका.

त्वचा शांत झाली की वांगाचं औषध सुरू करता येईल. तुमच्यासाठी मी आधी अझेलाइक आम्लाचा विचार करेन. ते सावकाश काम करतं, फरक दिसायला तीन-चार महिने लागतात, पण त्यात स्टेरॉइड नाही. पुन्हा दिवस गेले तरी ते सहसा चालतं, ट्रेटिनॉइन मात्र चालत नाही. हायड्रोक्विनोन फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीसाठी. लांबवलं तर त्यानेच निळसर-काळे डाग पडू शकतात, आणि ते घालवणं वांगांपेक्षा अवघड. ट्रानेक्सॅमिक आम्लाच्या गोळ्या कुणी सुचवल्या, तर तुम्हाला किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालाय का, हे आधी डॉक्टरांना सांगा.

वांग मुळापासून जातील असं वचन मी देणार नाही. फिके होतात, आणि ऊन वाढलं की परत डोकं वर काढतात. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर तेही तपासणीच्या वेळी सांगा. त्यातल्या संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) वांग वाढू शकतात आणि त्या गोळ्यांना पर्याय असतात.