गोव्यात चिऱ्याचं, कमी सिमेंटचं छोटं घर बांधलं तर सरकार जादा अनुदान देतं का?

तुम्ही विचारलंय की डिचोली पालिकेच्या हद्दीत वडिलोपार्जित जागेवर दोन खोल्यांचं घर बांधायचंय, त्यात सिमेंट कमी नि चिरा, म्हणजे जांभा दगड, जास्त वापरला तर पर्यावरणपूरक म्हणून वेगळे पैसे मिळतील का. मी गेली अठरा वर्षं फोंडा-डिचोलीकडच्या बांधकामांवर सुपरवायझर आहे. केंद्राच्या आवास योजनेत एकेकट्याने घर बांधणाऱ्याला साहित्याबद्दल वेगळा पैसा नाही. अनुदान घराला मिळतं, भिंत कशाची आहे ते त्यात बघत नाहीत.

नव्या तंत्रज्ञानासाठी अनुदान आहे, चौरस मीटरला १,००० रुपये, एका घरामागे ३० चौरस मीटरपर्यंत. पण ते परवडणाऱ्या घरांच्या मोठ्या प्रकल्पांना. तुमच्या दोन खोल्यांना ते लागू होत नाही.

तुमच्या कामाचं आहे ते प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०, जी १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर स्वतःच्या जागेवर ३० ते ४५ चौरस मीटरचं घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान एक लाख मिळतात. उत्पन्न त्याहून जास्त पण ९ लाखांपर्यंत असेल तर गृहकर्जाच्या व्याजात जास्तीत जास्त १.८० लाखांची सवलत आहे. देशात कुठेही कुटुंबाच्या नावे पक्कं घर नसावं.

आपल्याकडे घोडं अडतं ते कागदांपाशी. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर आजोबा, काका, मुंबईला गेलेली आत्या अशी सगळी नावं असतात. जागा भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, असेल तर मुंडकारीचा, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या हक्काचा, प्रश्न आधी सोडवा. मी पाहिलेल्या किती तरी कुटुंबांचं स्वप्न त्या एका उताऱ्यावर थांबलं. वाईट वाटतं. म्हणून चिरे नंतर बघा, आधी नावं लावून घ्या.

आता साहित्य. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५० अंशांवर भाजतात. त्यात इंधन जळतंच, शिवाय दगडातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे हा भाजलेला माल, क्लिंकर, जितका कमी तितकं बरं. चिऱ्याला भट्टीच नाही. खाणीतून कापला, वाऱ्यावर ठेवला की घट्ट होतो. विकत घेताना थापीच्या दांड्याने ठोकून बघा, खणखणीत वाजला तर घ्या. पांढुरक्या मातीची भोकं असलेले चिरे बाजूला काढा. आणि खाण परवान्याची आहे का ते विचारा. डोंगर पोखरून आणलेल्या चिऱ्याला पर्यावरणपूरक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुकानात ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलंड सिमेंट, मागू नका. पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के कोळशाची राख असते, स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के लोखंडाच्या भट्टीची मळी. पोत्यावर प्रकार छापलेला असतो, तो वाचा. फक्त पाणी मारायला कंटाळू नका, किमान दहा दिवस. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, पण तो सगळ्याच सिमेंटवर. कमी क्लिंकरच्या पोत्यावर आणखी सूट हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

खरी बचत मात्र गिलाव्यात आणि छपरात आहे. लोक चिऱ्याची देखणी भिंत उभी करतात आणि दोन्ही अंगांनी सिमेंट थापून ती झाकतात. बाहेरून नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरा. चिरे नीट निवडले असतील तर पुरतं. छपराचं तर विचारूच नका. हौसेने स्लॅब घालतात, दोन पावसांत गळायला लागला की वर पत्र्याचं छप्पर चढवतात. एका घराला दोन छपरांचा खर्च! फोंड्याजवळच्या एका घरात मालकिणीने पहिल्यापासून उतरतं मंगळुरी कौलांचं छप्पर धरलं. मे महिन्यात दुपारी मी आत गेलो, तर वळचणीखालून वारा येत होता आणि पंखा बंद होता.

पण कौलं घालायची असतील तर ती सुरुवातीच्या नकाशातच दाखवा आणि पालिकेच्या इंजिनियरकडून मंजूर करून घ्या. हप्ते कामाचे टप्प्याटप्प्याचे फोटो बघून सुटतात. मध्येच छप्पर बदललंत तर हप्ता अडकू शकतो.