व्हिक्सचा वास आला म्हणजे मुलाचं नाक चालतं असं नाही

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच लागली नाही. सात वर्षांचा मुलगा, शेजारी दूध उतू जाऊन करपलं तरी कळत नाही, मोदकांच्या वासाने सगळे गोळा होतात आणि हा आपला खेळतच बसतो, आणि डॉक्टरांनी व्हिक्स नाकाशी धरून "येतोय की वास" म्हणून परत पाठवलं. अगदी हेच आमच्या घरी झालंय, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. मी डॉक्टर नाही, एका मुलाची आई आहे, तेव्हा तपासणीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

सगळ्यात आधी ते व्हिक्सचं. नाकात दोन वेगवेगळ्या नसांचं काम चालतं. वास ओळखते ती एक, ऑलफॅक्टरी. आणि झोंबणं, थंडावा, जळजळ कळते ती दुसरी, ट्रायजेमिनल. व्हिक्समधला मेंथॉल नि कापूर, स्पिरिट, अमोनिया, व्हिनेगर हे सगळं त्या दुसऱ्या नसेला जाऊन लागतं. ज्याला जन्मापासून कणभरही वास येत नाही तो मुलगाही व्हिक्स नाकाशी धरलं की "हो, आला" म्हणणार, कारण त्याला खरंच काहीतरी जाणवलेलं असतं. तो खोटं बोलत नाहीये, टेस्टच चुकीची आहे.

आमच्याकडे स्पिरिट होतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत (नाव लिहीत नाही) डॉक्टरांनी इंजेक्शनच्या ट्रेमधला स्पिरिटचा बोळा उचलला आणि सरळ नाकपुडीखाली धरला. पोराने डोळे मिटले, मान झटकन मागे घेतली. "बघा, काही प्रॉब्लेम नाही, जेवणाचे नखरे आहेत" असं म्हणून फाइलवर लिहिलं, स्मेल नॉर्मल. दोन शब्द फक्त. पण त्यानंतर ज्या ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी ती फाइल उघडली, ती ओळ वाचली आणि वासाचा विषय तिथेच संपवला. कोणी परत तपासलंच नाही. मी सांगायचे की अहो ह्याला अगरबत्ती लावलेली कळत नाही, तर बोट ठेवून ती ओळ दाखवायचे. अजूनही हे लिहिताना राग येतो मला.

आता ह्याची किंमत काय पडली ते. मुलगा बाळ असताना त्याचं एक अंडकोष खाली न उतरल्याचं ऑपरेशन झालं होतं. ते एका फाइलमध्ये, वास दुसऱ्या फाइलमध्ये. चौदा उलटून गेली तरी आवाज फुटेना, वयात येण्याची काही खूणच नाही, तर सगळे म्हणत राहिले की काही मुलं उशिरा वाढतात, बापही उशिराच वाढला होता. शेवटी हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "ह्याला वास येतो का हो?" कालमन सिंड्रोम निघाला. ह्यात वासाच्या नसा आणि वयात येण्याचा हार्मोन सोडणाऱ्या पेशी, दोन्हींचा गर्भातला प्रवास नाकाकडून मेंदूकडे एकाच वाटेने होतो, तिथेच गडबड होते म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली, मुलगा आता उत्तम आहे. पण ती मधली वर्षं, वर्गात सगळ्यात लहान दिसणं, कोणाच्या घरी राहायला न जाणं, ती टळली असती हो.

घाबरू नका प्लीज, तुमच्या मुलाला हेच असेल असं मी अजिबात म्हणत नाहीये. लहान मुलांत वास न येण्याचं कारण बहुतेक वेळा साधंच निघतं, अॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढलेले, अॅलर्जीची सर्दी, सतत बंद नाक. डोक्याला मार लागूनही वास जातो, तेव्हा कधी जोरात पडला होता का ते आठवून सांगा. आणि काही मुलांना जन्मतःच फक्त वास नसतो, बाकी सगळं ठीक असतं. पण मुलाचं अंडकोषाचं ऑपरेशन झालेलं असेल, जन्मतः ओठ किंवा टाळू दुभंगलेली असेल, एकच किडनी असेल, तर वासाची गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम सांगाच.

घरी काय करता येईल ते विचारलंत. नाव ओळखायला लावू नका. एवढी लहान मुलं वास येऊनही नाव सांगू शकत नाहीत आणि वास न येणारी मुलं आपल्या तोंडाकडे बघून बरोबर उत्तर देतात, आमचा तर अगरबत्ती दिसली की "छान वास" म्हणायचा कारण आजी तसं म्हणायची. त्यापेक्षा होमिओपॅथीच्या तीन सारख्या रिकाम्या बाटल्या घ्या, स्वच्छ धुऊन वाळवा. एकीत कापसात गुंडाळलेली कॉफी पावडर, बाकी दोन्हींत नुसता कापूस. डोळे मिटायला सांगा, एकेक नाकाखाली धरा आणि "कशात काहीतरी आहे?" एवढंच विचारा. दर वेळी क्रम बदला, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या, बरोबर की चूक ते लगेच सांगू नका. नुसत्या अंदाजाने तिनात एकदा बरोबर येणारच, म्हणून दहा वेळा तरी करा, एका दिवसात नको, कंटाळतात. नऊ-दहा बरोबर आले तर वास येतोय. तीन-चारच आले तर ते कागदावर लिहून ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कॉफीऐवजी गुलाबपाणीही चालेल. लवंग, ओवा, वेलदोडा, पुदिना, कापूर, कांदा नको, हे सगळे थोडेफार झोंबतात किंवा थंड लागतात. आणि सर्दी असताना करू नका. पण ही फक्त घरगुती चाचपणी आहे, निदान नाही.

खरी टेस्ट कुठे होते ते आधी फोन करून विचारा, सगळीकडे किट नसतं. अमेरिकेची चाळीस वासांची खरवडून हुंगायची पुस्तिका आहे, त्यात रूट बिअर आणि स्कंक प्राण्याचा वास आहे, आपल्या पोरांनी तो कुठे घेतलाय? जर्मनीच्या वासाच्या पेनांमध्येही लिकरिस, टर्पेंटाइन असले वास येतात. लहान मुलांसाठी २०१८ मध्ये यू-स्निफ नावाची बारा वासांची टेस्ट आली, ती १९ देशांतल्या पाच ते सात वर्षांच्या मुलांवर करून बघितली होती, चित्रं दाखवून चारातलं एक निवडायचं असतं. अशी काही मिळत असेल तर तीच मागा. त्यातही आमचा लेक आवडीची चित्रं निवडत होता, मार्क अंदाजाने येतील तेवढेच आले आणि त्यावरूनच कळलं.

एमआरआय सांगितला तर चिठ्ठीवर "ऑलफॅक्टरी बल्ब" (मेंदूतला वासाच्या नसा जिथे पोचतात तो छोटा भाग) असं स्पष्ट लिहून घ्या. साध्या ब्रेन एमआरआयच्या जाड स्लाइसमध्ये ते बल्ब नीट दिसत नाहीत आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, परत पैसे आणि लहान मुलाला परत भूल.

आणखी एक, "जेवणाचे नखरे" हे कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. वास नसेल तर हापूस काय नि पायरी काय, नुसतं गोड. आमच्याकडे चिवडा, लोणचं, तिखट रस्सा आवडीने खाणार आणि साजूक तुपाचा वरणभात बाजूला सारणार, कारण तिखटाचा झणका त्याच दुसऱ्या नसेने कळतो. जबरदस्तीने भरवून काही होत नाही.

नाकात तूप, तेल, काढे आपल्या मनाने घालू नका, हे माझं ठाम मत आहे, कोणाला पटो न पटो. रोज चार वास हुंगायचं स्मेल ट्रेनिंग व्हायरल तापानंतर वास गेला असेल तर उपयोगी पडू शकतं, पण बल्बच नसतील तर नाही, तेव्हा आधी कारण शोधा.

टेस्ट होईपर्यंत एक काम आजच करा, गॅस डिटेक्टर बसवा. सिलेंडर असेल तर तो खाली, जमिनीजवळ, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. पाइपचा गॅस असेल तर वर, छताजवळ. गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो तो आपल्याला कळावा म्हणून, तुमच्या मुलाला तो कळणार नाही, आणि दुपारी शाळेतून आल्यावर तो एकटा असतो असं तुम्हीच लिहिलंय. फ्रिजमधल्या डब्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या लावा, आंबलेलं त्याला वासाने समजणार नाही.

ईएनटींनी काय सांगितलं ते इथे लिहा, आणि अॅडेनॉइड किंवा अंडकोष ह्यांपैकी कशाचं ऑपरेशन झालंय का तेही सांगा, पोस्टमध्ये ते दिसलं नाही.