आढावा आयोगाला उभी राहतेस तर

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात 1972च्या राज्यघटनेने दर दहा वर्षांनी लोकांना विचारायचं ठरवलंय: गावाच्या कारभाराचा आढावा घ्यायचा का? 'हो' म्हटलं की आयोग निवडला जातो. नगरपालिकेवर निवडून आलेल्याला त्यात बसता येत नाही, मानधनही नाही. म्हणूनच तुझ्यासारखी माणसं हवीत.

प्रचारात रस्ते-पाण्याची आश्वासनं देऊ नकोस, ते आयोगाचं कामच नाही. महापौर थेट निवडावा की नगरव्यवस्थापक, म्हणजे कारभार पाहणारा पगारी अधिकारी, नेमावा, प्रभाग असावेत का, हे आपले प्रश्न. आत्तापासून नगरपालिकेच्या बैठकांना मागे बसून ऐक. मी वर्षभर बसले होते, खूप उपयोग झाला. कारकुनांशी बोल, अडतं कुठे ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. आणि बदल हवाच असं आधीच ठरवून जाऊ नकोस. 'आहे तेच ठेवा' असाही अहवाल देता येतो, आणि बदल सुचवला तर शेवटी मतदारच ठरवतात.