कायदा आणि तुम्ही : ‘मागणी नाही’ असं लिहून दिलं, आता हक्क संपला का?

प्रश्न : माझे यजमान सेंट्रिंगचं काम करतात. वय ३५, हजेरी ८०० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये परांची तुटून ते तिसऱ्या मजल्यावरून पडले. उजव्या मनगटात प्लेट टाकली, पण मूठ वळत नाही. दवाखान्याचं बिल ठेकेदारानं भरलं. पुढे ४०,००० रुपये देऊन स्टॅम्प पेपरवर ‘यापुढे माझी काही मागणी नाही’ अशी सही घेतली. बिल्डर म्हणतो, तो माझा माणूस नाही. ठेकेदार म्हणतो, बेल्ट लावला नव्हता, चूक त्याचीच. मस्टरवर नाव नाही. दाखला ४० टक्के अपंगत्वाचा मिळाला आहे. काही होऊ शकेल का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : होऊ शकेल, ताई. आधी त्या स्टॅम्प पेपरची भीती सोडा. अपघात ऑगस्टमधला आहे आणि नवी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, म्हणून तुम्हाला १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागतो. त्याचं कलम १७ स्पष्ट आहे : भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल. तडजोड करायचीच असेल तर ती आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखालचे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावी लागते. नोंद नसेल तर मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी कायम राहते. आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही, तर त्या ४०,००० पैकी फार तर निम्मेच वजा होतील. दवाखान्याचं बिल मात्र वजा करता येत नाही, कारण उपचाराचा खर्च भरपाईत धरत नाहीत.

बिल्डरला कलम १२ दाखवा. इमारती बांधणं हाच ज्याचा धंदा, त्यानं ते काम ठेकेदाराकडून करून घेतलं तरी मजुराच्या भरपाईला तो बांधील असतो. नंतर त्यानं ठेकेदाराकडून पैसे वसूल करावेत, तो त्या दोघांचा हिशेब. अर्जात दोघांनाही सामनेवाले करा.

बेल्टची गोष्ट ऐकून मला दर वेळी संताप येतो. बेल्ट दिला होता का, अडकवायला दोर होता का, हे आधी ठेकेदारानं सांगावं. साध्या निष्काळजीपणानं हक्क जात नाही. सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला आणि त्यामुळेच इजा झाली, हे मालकानं सिद्ध करावं लागतं. इथे तर परांचीच तुटली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तो ४० टक्क्यांचा आकडा. बहुतेक कुटुंबं इथेच फसतात. दाखल्यावरचे टक्के शरीराचे असतात, भरपाई ठरते ती कमावण्याची ताकद किती गेली यावर. सुप्रीम कोर्टानं १९७५ साली प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात हेच पाहिलं. सबाता सुतार होते, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून कोर्टानं पूर्ण अपंगत्व मान्य केलं. तुमच्या यजमानांना हातोडा धरता येत नाही, फळी उचलता येत नाही, तर सेंट्रिंगवाल्याच्या हातात उरलं काय? डॉक्टरांना ‘सेंट्रिंगच्या कामाची कमावण्याची क्षमता किती गेली’ असंच विचारा, उत्तर लेखी घ्या, आणि ते आयुक्तांपुढे साक्षीला येतील असं पाहा.

फरक किती पडतो बघा. त्यांची कमाई जास्त असली तरी हिशेबात महिना १५,००० रुपयेच धरतात. ही मर्यादा २०२० पासून तीच आहे आणि माझ्या मते ती मजुरांवर अन्याय करते. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्याच्या तक्त्यात वय ३५ साठीचा गुणक १९७.०६, त्यानं ते ९,००० गुणायचे. क्षमता पूर्ण गेली असं ठरलं तर १७,७३,५४० रुपये, ४० टक्केच धरली तर ७,०९,४१६. शिवाय अपघातापासून एका महिन्यात पैसे दिले नाहीत म्हणून १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, तोही मालकावर.

मस्टरवर नाव नाही म्हणून घाबरू नका, तोंडी ठरलेली नोकरीही नोकरीच. हजेरीचे पैसे फोनवर आले असतील तर त्यांच्या नोंदी, साइटवरचे फोटो, सोबतच्या दोघातिघांच्या साक्षी गोळा करा. दवाखान्याचा पहिला केसपेपर आजच पाहा. मजुराला घेऊन येणारा माणूस कधीकधी ‘घरी जिन्यावरून पडला’ असं सांगून मोकळा होतो. तसं लिहिलेलं असेल तर वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा. अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट २०२७. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अपंग व्यक्तीला वकील मोफत मिळतो, तिथूनच सुरुवात करा.

प्रश्न : माझा भाऊ जून २०२५ मध्ये दुसऱ्या राज्यात साइटवर वारला. ठेकेदारानं वहिनीला रोख रक्कम देऊन ‘मिटलं’ असं सांगितलं. दाव्यासाठी तिकडे जावं लागेल का?

उत्तर : नाही. वहिनी राहतात त्या भागातल्या आयुक्तांकडेच अर्ज करता येतो. तुमच्या जिल्ह्यात ते काम कोण पाहतं, हे कामगार न्यायालयात विचारा. आणि ‘मिटलं’ म्हणण्याचा अधिकार ठेकेदाराला नाहीच. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, परस्पर हातात दिलेले पैसे भरपाई ठरत नाहीत. आगाऊ म्हणून दिलेली तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम तेवढी वजा होऊ शकते. वहिनींसोबत मुलं आणि भावावर अवलंबून असलेली आईसुद्धा वारसांच्या यादीत घाला. मृत्यूचा दाखला, पोस्टमॉर्टेमचा अहवाल आणि तिकडच्या पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत मागवा. पंचनाम्याला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज आधी पाठवा.