बाल्कनीतल्या टोमॅटोचं बूड काळं पडतंय, कोणतं खत घालू?

कोणतंही नको. आधी पाण्याचं बघा. 'शनिवार-रविवारी भरपूर पाणी घालतो, एरवी जमेल तसं' असं तुम्हीच लिहिलंय, दुखणं तिथेच आहे. काळं बूड म्हणजे फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नाही. ते पाण्याबरोबरच वर चढतं. कुंडी दोन दिवस कोरडी ठणठणीत आणि मग एकदम चिंब, असं झालं की मातीत असूनही उपयोग नाही.

हेच मी आमच्या दाजींना (नणंदेचे यजमान, नारायणगावकडे टोमॅटोचे प्लॉट) सांगून थकले. त्यांचं एकच पालुपद, "वहिनी, खाणं कमी पडतंय." एका भाऊबीजेला पिशवीतून डीएपी (नत्र आणि स्फुरद असलेलं दाणेदार रासायनिक खत) घेऊनच मुलुंडला आले. मी ऑफिसला गेलेली बघून सासूबाईंकरवी प्रत्येक बादलीत मूठ-मूठ टाकायला लावलं. (मी रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या वापरते, बुडाला भोकं पाडून.) काही दिवसांत पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या आणि नवीन फळांची बुडं आणखी काळी. होणारच. डीएपीतलं नत्र अमोनियमच्या रूपात असतं, ते मुळांना कॅल्शियम घेऊ देत नाही. शेतात जास्तीचं खत इकडेतिकडे पसरतं, बादलीत ते कुठे जाणार? यावर दाजी म्हणाले, "शहरातली माती वाईट." स्वतःच्या प्लॉटमध्ये मात्र ठिबकमधून थोडं-थोडंच सोडतात, आणि माझ्याकडे मूठ!

तर पाणी रोज सकाळी, नळाला पाणी असतं तेव्हाच, खालच्या भोकांतून गळेपर्यंत. खाली ताटली हवीच, नाहीतर खालच्या मजल्यावरच्यांचे वाळत घातलेले कपडे आणि तुमची सोसायटी मीटिंग. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी पानं माना टाकतात, घाबरू नका. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर संध्याकाळी झाड आपोआप उभं राहतं. मातीवर नारळाच्या शेंड्या पसरल्या की ओल टिकते.

खत: लावतानाच एक तृतीयांश गांडूळ खत आणि मूठभर निंबोळी पेंड. फुलं आल्यावर दर दहा दिवसांनी एकदा १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट, पाण्यात विरघळणारं खत), लिटरभर पाण्याला एक-दोन ग्रॅम, तेही ओल्या मातीवर. अंड्याची टरफलं घालायची तर घाला, पण ती कुजेपर्यंत यंदाचा हंगाम संपलेला असेल.

हे सगळं पाच-सहा तास थेट ऊन असेल तरच, हे आधीच सांगायला हवं होतं. एप्रिलमध्ये फुलं गळत असतील तर पाण्याला दोष देऊ नका, तेव्हा इथे रात्रीही थंड होत नाही. काळी पडलेली फळं पुन्हा सुधारत नाहीत, तोडून टाका म्हणजे झाडाची ताकद वाया जात नाही. काळा भाग कापून उरलेला टोमॅटो चांगला असेल तर खुशाल सारात घाला.